बेरियमचा बुधवार

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाले, कधी काय खाल्लं आणि कुठे अडकलं ते लिहून ठेवा. म्हटलं, लिहायचंच आहे तर नीट लिहू. नुसतं पाव, बटाटा, भात असं लिहायला ती काही किराण्याची यादी नाही.

आज अडकलं ते: पावाचा कोपरा. छातीच्या मधोमध. थोडा वेळ तिथेच ठाण मांडून बसला, मग पाणी प्यायल्यावर गेला. म्हणजे विशेष काही नाही. जानेवारीपासून अधूनमधून होतं असं.

डॉक्टरांनी बेरियमचा एक्स-रे लिहून दिला आणि तो काय असतो ते समजावून सांगायला लागले. मी हात वर करून त्यांना थांबवलं. म्हटलं, डॉक्टर, तुम्ही वरच्या मजल्यावर बसता, मी खाली एक्स-रेच्या काउंटरवर. बावीस वर्षं पेशंटना बेरियमची तयारी मीच सांगतोय. ह्या इमारतीत त्या विषयात माझा हात धरणारा कोणी नाही. डॉक्टर म्हणाले, मग उत्तमच, येत्या बुधवारी करून घ्या.

बुधवार हा आमचा बेरियमचा वार. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या रेडिऑलॉजिस्ट, त्या दिवशी सकाळी चारच पेशंट घेतात. अपॉइंटमेंटचं रजिस्टर माझ्याच ताब्यात असतं. पहिल्या नंबरवर स्वतःचं नाव लिहून टाकलं. अक्षर छान आलं.

वडिलांचंही असंच घास अडकण्यापासून सुरू झालं होतं. सहा महिन्यांत खेळ आटोपला. पण त्यांचं वेगळं होतं. ते फार भरभर जेवायचे.

४ मार्च, मंगळवार

उद्याची तयारी. मला पाठच आहे, पण शिस्त म्हणून लिहितो. रात्री नऊनंतर खाणं-पिणं बंद. पाणीसुद्धा नाही. सकाळी चहा नाही, सिगारेट नाही, च्युइंगगम नाही. तोंडात काहीही टाकायचं नाही.

हे का, ते लोकांना कळत नाही. मी प्रत्येकाला सांगतो. बेरियम म्हणजे खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध. ते पेशंटने प्यायचं आणि ते घशातून पोटात उतरताना मॅडमनी पडद्यावर बघायचं. अन्ननलिका एरवी एक्स-रेत दिसत नाही. बेरियमने ती आतून पांढरी होते, मग कुठे अरुंद आहे, कुठे काही वाढलंय, ते कळतं. पण पोटात आधीचं अन्न असलं तर पांढऱ्यात काळा डाग दिसतो. तो बटाटा की गाठ, हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून उपाशी या. इतकं साधं आहे.

तरी लोक खाऊन येतात. गेल्याच आठवड्यात एक गृहस्थ आले. उपाशी आहात ना? हो, कडकडीत. आणि मिशांना दूध. मी तिथल्या तिथे परत पाठवलं. त्यांची बायको बिचारी गयावया करत होती, पण मी बधलो नाही. माणसाला एका रात्रीपुरता मनावर ताबा ठेवता येत नाही म्हणजे काय?

संकल्प: आदर्श पेशंट कसा असतो, ते उद्या डिपार्टमेंटला दाखवून द्यायचं. विशेषतः दमधरेंना. दमधरे म्हणजे आमचे टेक्निशियन. दिवसभर लोकांना श्वास घ्या, दम धरा, सोडा, असं सांगत असतात म्हणून हे नाव पडलं. आता पगाराच्या चिठ्ठीवरचं खरं आडनाव वाचलं की तेच दचकतात.

बायकोला म्हटलं, उद्या सकाळी माझा चहा टाकू नकोस, स्टाफचं रूटीन चेकअप आहे. ती म्हणाली, कसलं? म्हटलं, रूटीन. ती भांडी आवरायला गेली. उगाच काळजी करत बसेल म्हणून सांगितलं नाही. तिचा स्वभाव घाबरट आहे.

५ मार्च, बुधवार

सकाळी ६. उठलो. भूक नाही, तहान नाही. मन एकदम शांत.

७.१५. चहा झाला. घेतला असं म्हणता येणार नाही. झाला. बायको आंघोळीला गेली होती आणि तिचा कप ओट्यावर बशीने झाकून ठेवलेला होता. मी ओट्यापाशी पेपर वाचत उभा होतो. पेपर संपला तेव्हा कपही संपलेला होता. इतक्या वर्षांची हाताला सवय, त्यात माझा काय दोष? आणि उघडा चहा कोणी असा ठेवतं का? झाकलेला होता हे खरं, पण बशीनेच.

११.३०. चहा पातळ असतो, तेव्हा चालेल का, असा प्रश्न मनात आला. दमधरेंना सहज विचारलं, समजा एखाद्या पेशंटने अर्धा कप चहा घेतला असेल तर? ते म्हणाले, तर काय, तुम्हीच त्याला परत पाठवता. बरोबर आहे. मी स्वतःला परत पाठवलं. रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावावर पट्टी ठेवून सरळ काट मारली. नियम म्हणजे नियम, मग समोर कोणी का असेना. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत.

पुढच्या बुधवारी पुन्हा पहिला नंबर.

८ मार्च, शनिवार

अडकलं ते: सफरचंद. उभा राहिलो, हात वर केले, पाणी प्यायलो. शेवटी बाथरूममध्ये जाऊन ओकून मोकळा झालो. बाहेर आलो तर बायको दाराशी. म्हटलं, सफरचंद कच्चं होतं. तिने उरलेलं अर्धं खाऊन बघितलं.

सफरचंद बंद. तसंही त्या सालीला मेण लावतात म्हणे.

१२ मार्च, बुधवार

आज तयारी अगदी चोख होती. चहा नाही, पाणी नाही, घरात थांबायलाच नको म्हणून सातलाच निघालो. पोट सपाट. आज झालंच असतं.

पण काउंटरवर पोचतो तर एक म्हाताऱ्या बाई जावयाला घेऊन बाकावर बसलेल्या. त्यांची तारीख पुढच्या बुधवारची. लांबून आलेल्या, तारीख चुकून वाचलेली, दोघंही काल संध्याकाळपासून उपाशी. जावई माझ्याकडे असं बघत होता, जसं काही मीच त्याची सासू. मी रजिस्टर उघडलं, माझं नाव खोडलं आणि पहिल्या नंबरवर त्यांचं लिहिलं. मॅडम जाता जाता म्हणाल्या, आज अगदी माणुसकीने वागलात.

नंतर दमधरे आले आणि म्हणाले, अहो, चौथा पेशंट आलाच नाही आज. चौथा नंबर मोकळा आहे, कोणाला घ्यायचं आहे का? मी जरा विचार केला. एकदा त्याग केल्यावर लगेच चौथ्या नंबरवर घुसायचं हे बरं दिसत नाही. शिवाय चौथ्या नंबरपर्यंत बेरियम कोमट होतं. म्हटलं, नाही, कोणी नाही.

मग कँटीनमध्ये जाऊन सूप घेतलं. सूप गेलं.

१५ मार्च, शनिवार

पँटला नवीन भोक पाडावं लागलं, म्हणजे पट्ट्याला. लिफ्टवाला म्हणाला, साहेब, बारीक झालात. त्याचे आभार मानले. संध्याकाळी चालायला जाण्याचा हा परिणाम असणार. ह्या महिन्यात दोनदा गेलो.

अडकलं ते: भात. म्हणजे आता भातसुद्धा. पण भात जरा फडफडीत झाला होता.

वडील तंबाखू खायचे. हे लिहायचं राहिलं होतं. मी आयुष्यात कधी तंबाखूला हात लावलेला नाही. सिगारेटचं वेगळं, ती ओढायची असते.

१९ मार्च, बुधवार

आज पेपरकडे बघितलंच नाही. ओट्याकडे पाठ करून कपडे घातले. गमची पाकिटं, गोळ्या, सगळं ड्रॉवरमध्ये ठेवून निघालो. साडेआठला हॉस्पिटलच्या फाटकाशी होतो, तोंडात एक कण नाही. अशा वेळी माणूस जरा निवांत झाला तर काय बिघडलं? पेशंटचे नातेवाईक जिथे उभे असतात त्या झाडाखाली मी एक सिगारेट ओढली. सिगारेट पोटात जात नाही. ती फुप्फुसात जाते. ते डिपार्टमेंटच वेगळं.

मॅडमची गाडी नेमकी तेव्हाच आत शिरली. त्यांनी काच खाली केली. म्हणाल्या, आज पहिल्या नंबरवर तुमचं नाव बघितलं मी. तुम्हीच का ते? म्हटलं, हो, रूटीन. त्या म्हणाल्या, सिगारेटने पोटात पाझर सुटतो, मग बेरियम आतल्या भिंतीला नीट चिकटत नाही, हे तुम्हालाही सांगायचं का? मी म्हटलं, नाही मॅडम, हे वाक्य माझंच आहे. त्या हसल्या नाहीत. किती दिवसांपासून अडकतंय, असं विचारलं. म्हटलं, अधूनमधून. त्यांनी विचारलं, घट्टच अडकतं का पातळही? म्हटलं, घट्टच. आणि वजन? म्हटलं, चालायला जातो.

त्यांनी गाडी तशीच थांबवून ठेवली होती. मागे अँब्युलन्सचा हॉर्न वाजायला लागला तेव्हा हलल्या. जाताना म्हणाल्या, पुढचा बुधवार चुकवू नका.

मॅडम जरा अतिच करतात. हुशार आहेत, पण प्रत्येकाला पेशंट समजायची सवय लागली आहे.

२६ मार्च, बुधवार

आजारपणाची रजा. सर्दी. म्हणजे होईल असं वाटत होतं. बेरियमच्या टेबलावर ऐन वेळी शिंक आली तर फिल्म हलते आणि मॅडमची मेहनत फुकट जाते. दुसऱ्याच्या कामाचा विचार करायला नको का?

बायकोने विचारलं, आज बुधवारी घरी कसे? बुधवार तुमचा महत्त्वाचा ना? म्हटलं, सर्दी. ती म्हणाली, नाक तर कोरडं आहे. म्हटलं, आतली आहे. तिने आल्याचा काढा करून दिला. काढा सरळ उतरला. पातळ सगळं नीट उतरतं. म्हणजे रस्ता मोकळाच आहे, फक्त मोठ्या गाड्यांना बंदी.

दिवसभर घरात बसून कंटाळा आला. दुपारी आरशात छाती बघितली. बाहेरून काही दिसत नाही.

३० मार्च, रविवार

मुलगी जेवायला आली होती. तिच्यासाठी बायकोने खास बेत केला होता. मी सगळं बारीक कापून घेतलं, मग त्याचे आणखी तुकडे केले, मग ते काट्याने कुस्करले. मुलगी म्हणाली, बाबा, हे काय चाललंय? म्हटलं, हल्ली सांगतात, सावकाश जेवा, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा, जेवणाकडे लक्ष द्या. तब्येतीला चांगलं असतं. बघ, बारीक झालोय की नाही?

ती माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, आजोबा असंच जेवायचे शेवटी. मी लहान होते, पण आठवतं मला. ते काट्याने चिवडायचे आणि आपण सगळे त्यांची वाट बघत बसायचो.

मी म्हटलं, मीठ दे जरा. तिने मीठ दिलं. मीठ आधीच बरोबर होतं, त्यामुळे नंतर जेवण खारट झालं, पण मी सगळं संपवलं. म्हणजे बरंचसं. बायकोने उरलेलं न विचारता उचललं.

वडिलांचं वेगळं होतं. ते डॉक्टरकडे गेलेच नाहीत. मी निदान रोज हॉस्पिटलात असतो.

१ एप्रिल, मंगळवार

घोळ झाला. बायकोने डिपार्टमेंटला फोन केला आणि तो नेमका दमधरेंनी उचलला. हे आमचे दमधरे. लोकांना दिवसभर दम धरायला लावतात आणि स्वतःला दोन मिनिटं गप्प राहता येत नाही. चहाचं सांगितलं, म्हाताऱ्या बाईंचं सांगितलं, झाडाखालचं सांगितलं. चौथ्या नंबरचंसुद्धा सांगितलं. वर म्हणाले म्हणे, वहिनी, उद्या तुम्हीच घेऊन या त्यांना.

मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती. ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, मला का नाही सांगितलंत? मी म्हटलं, तू घाबरली असतीस. ती म्हणाली, मी जानेवारीपासून घाबरलेलीच आहे, पण माझी मी एकटीच घाबरत होते. तेवढं तरी दोघांनी मिळून केलं असतं.

म्हटलं, आज सूप लवकर घेऊ या, नऊच्या आत संपवायला हवं. ती म्हणाली, हो, आणि सकाळचा माझा चहा मी करणारच नाहीये.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी ८. घरात चहाचा वासही नाही. दोघंही उपाशी. तिला म्हटलं, तू कशाला? तुझा एक्स-रे नाही. ती म्हणाली, चला.

११. झालं. सविस्तर लिहितो, कारण पेशंटच्या बाजूने हे कोणी लिहिलेलं नसावं.

घड्याळ, चष्मा, पट्टा, खिशातलं पेन, किल्ल्या, सगळं काढून ट्रेमध्ये ठेवायचं. धातू फिल्मवर पांढरा उठतो. मी लोकांना हे इतक्या सहज सांगतो, पण पट्टा काढल्यावर पँट खाली येऊ लागली आणि मला ती एका हाताने धरून आत जावं लागलं. मग गाऊन. आमचा गाऊन मागून उघडा असतो, दोन नाड्या बांधायच्या. त्यातली एक तुटलेली. ही तक्रार पेशंट नेहमी करतात आणि मी नेहमी म्हणतो, आत कोण बघतंय तुम्हाला? आत दमधरे होते, मॅडम होत्या, नर्स होती आणि ट्यूबलाइट दुरुस्त करणारा माणूस शिडीवर होता.

बेरियम. आम्ही सांगतो, स्ट्रॉबेरीची चव आहे. वास आहे. चव भिंत चाटल्यासारखी. घट्ट, गार, आणि गिळल्यावर जिभेवर पीठ राहतं. मी पहिला घोट घेतला आणि मॅडम अंधारात पडद्याकडे बघत म्हणाल्या, अजून एक. मग म्हणाल्या, आता तोंड भरून घ्या, मी सांगेपर्यंत गिळू नका. आता. टेबल आडवं झालं, उभं झालं, मला डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. दमधरे म्हणाले, श्वास घ्या, दम धरा. मला धरता येईना. ते पुन्हा म्हणाले, अहो, दम धरा. त्यांचा आवाज काउंटरवर ऐकू येतो त्यापेक्षा आतून वेगळा वाटतो. एक फिल्म हलली. ती परत काढली.

मॅडमच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का बघत होतो. अंधारात फक्त चष्म्यावर पडद्याचा उजेड दिसत होता. एका ठिकाणी त्या जरा जास्त वेळ थांबल्या. इथेच अडकतं का, असं विचारलं. म्हटलं, साधारण. तेवढ्यात त्यांना वॉर्डातून तातडीचं बोलावणं आलं. म्हणाल्या, उद्या निवांत बघून सांगते.

दुपारी ४. फिल्म्स दमधरेंच्या टेबलावर सुकत पडल्या होत्या. माझंच नाव, माझाच एक्स-रे, तेव्हा परवानगीचा प्रश्न नव्हता. खिडकीशी धरून बघितल्या. इतकी वर्षं फिल्म्स हाताळतोय, मॅडमच्या खालोखाल नजर माझीच तयार. आणि दिसलं. पांढरी नळी खाली येताना वरच्या भागात डाव्या बाजूने आत दबलेली. गोल, ठसठशीत खड्डा. बाहेरून काहीतरी मोठं दाबत असावं असा. त्यानंतर पुढच्या फिल्म्स बघितल्याच नाहीत. गरज नव्हती.

एक फिल्म पाकिटात घालून घरी आणली.

संध्याकाळी ६. संकल्प: बायकोला सांगायचं नाही. तिने बरंच सोसलंय. हे ओझं आपण एकट्याने, हसतमुखाने वाहायचं. घरातली किरकोळ कामं उरकून घ्यायची. बाथरूमची कडी. मुलीला गाडी रिव्हर्स घ्यायला शिकवायची. सगळ्यांशी गोड वागायचं, दमधरेंशीसुद्धा.

६.०५. सांगितलं. अजून बूट काढायचे होते. तिने फिल्म हातात घेतली आणि विचारलं, मॅडम काय म्हणाल्या? म्हटलं, त्या उद्या बोलणार आहेत. मग हे कोण म्हणालं? म्हटलं, मी. तिने फिल्म पाकिटात घातली, पाकीट कपाटावर ठेवलं आणि म्हणाली, हात धुऊन या. सूप वाढताना तिने एक थेंबही सांडला नाही.

३ एप्रिल, गुरुवार

बेरियमनंतर भरपूर पाणी प्या, नाहीतर आत सिमेंट होतं, हे मी प्रत्येक पेशंटला बजावतो. काल दुःखाच्या भरात प्यायचं राहिलं. सकाळी त्याची शिक्षा भोगली. तपशील लिहीत नाही. रंग पांढरा.

मॅडमनी दोघांना आत बोलावलं. मी आधीच म्हटलं, मॅडम, माझ्यापासून लपवू नका, मी फिल्म बघितली आहे. आणि घरून परत आणलेली फिल्म पुढे करून खिशातल्या पेनने खड्डा दाखवला. मॅडम म्हणाल्या, हा? हा सगळ्यांनाच असतो. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी इथून वळते, तिचा दाब पडतो नळीवर. नसता तर मला काळजी वाटली असती. त्यांनी ड्रॉवरमधून दुसऱ्या कुणाची तरी जुनी फिल्म काढून दाखवली. तिलाही खड्डा. माझ्याहून छान होता.

बायको खुर्चीत मागे टेकली. मलाही इतकं हलकं वाटलं की मी मॅडमना म्हटलं, बघा, मी म्हणतच होतो, रूटीन. मॅडम म्हणाल्या, थांबा. आणि मी न बघितलेली फिल्म पुढे ठेवली. नळी पोटाला मिळते तिथे, अगदी खाली, पांढरी रेघ एकदम बारीक झालेली. दोऱ्याएवढी. इथे अडकतं तुमचं, त्या म्हणाल्या. कडा गुळगुळीत आहेत, हे चांगलं आहे. बहुतेक ॲसिड वर येऊन येऊन व्रण पडलाय आणि तो आक्रसलाय. जानेवारीतच आला असतात तर कदाचित नुसत्या गोळ्यांवर भागलं असतं. आता दुर्बीण घालून रुंद करावं लागेल. आणि एक छोटा तुकडा काढून तपासू. बहुतेक म्हणजे खात्री नव्हे. खात्री तो तुकडा आल्यावर.

बायकोने विचारलं, यांच्या वडिलांना होतं ते... मॅडम म्हणाल्या, म्हणूनच तुकडा. तसं दिसत नाही मला. पण मी फक्त सावल्या बघते.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, एकंदरीत चांगली बातमी. बायको म्हणाली, हो.

४ एप्रिल, शुक्रवार

काउंटरवर नेहमीसारखं काम केलं. एक पेशंट बिस्किट खाऊन आला होता. खरं सांगून टाकलं त्याने, हात कापत होते म्हणून एक खाल्लं म्हणाला. त्याला पुढच्या बुधवारचा पहिला नंबर दिला. थकवा आला होता, म्हणून लेक्चर दिलं नाही.

७ एप्रिल, सोमवार

दुर्बिणीचं डिपार्टमेंट पलीकडच्या इमारतीत. तिथे मला कोणी ओळखत नाही. जाताना ठरवलं होतं, आधी ओळख सांगायची. आपण एकाच लायनीतले, तयारीचं सांगण्यात तुमचा वेळ घालवू नका, असं म्हणायचं. बायको खाली फाइल काढायला रांगेत थांबली होती.

काउंटरवर चष्मेवाल्या बाई, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी कागद बघितला आणि सांगायला सुरुवात केली. ओळख सांगायची राहून गेली. त्या बोलत होत्या आणि मी मान हलवत होतो. त्यांच्या टेबलावर एक स्टेपलर होता, त्याचं झाकण सुतळीने बांधलेलं होतं, त्याच्याकडे मी बघत होतो. मधेच त्यांनी तुकडा तपासण्याबद्दल काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं. शेवटी त्या म्हणाल्या, कळलं ना सगळं? म्हटलं, हो हो, कळलं.

जिन्यापाशी बायको भेटली. म्हणाली, किती वाजल्यापासून उपाशी राहायचं? मला सांगता येईना. रक्तदाबाची गोळी घ्यायची का? आठवेना. सोबत कोण लागतं का, किती वाजता यायचं? एक शब्द डोक्यात शिरला नव्हता. म्हटलं, त्या बाई फार भरभर बोलतात, कोणीतरी त्यांना सांगायला हवं. बायको एकटीच आत गेली आणि सगळं विचारून आली.

आम्ही बाकावर बसलो. मी तिला सांगितलं की मला फार भीती वाटते आहे. इतके दिवस हे मी कोणालाही कळू दिलं नव्हतं. ती म्हणाली, अहो, माहीत आहे. मुलीला माहीत आहे, मॅडमना माहीत आहे, दमधरेंना तर पहिल्या बुधवारपासून माहीत आहे. मग तिने माझा हात धरून सांगितलं, गुरुवारी सकाळी आठला यायचं, आदल्या रात्री दहानंतर काही नाही, रक्तदाबाची गोळी एका घोटाबरोबर चालेल, सोबत मी असणार आहे. मी म्हटलं, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं, पेशंटला सांगावं तसं, सावकाश.